सहकाऱ्याच्या नावानं निधी: फील्डवरच्या माणसांच्या प्रशिक्षणासाठी तो कसा उभारावा, कसा चालवावा

फील्डवर कुणी सहकारी दगावला की पहिल्या काही आठवड्यांतच 'त्याच्या नावानं काहीतरी करू या' असं सगळे म्हणतात. पैसेही जमतात. मग बहुतेक ठिकाणी सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला दरवर्षी एक रक्कम आणि प्रमाणपत्र देणं सुरू होतं. काही वर्षं ते चालतं, पुढे ज्याच्या नावानं चालतं तो कसा गेला हेही कुणाला ठाऊक नसतं. मी एका स्मृतिनिधीचं काम बघते. आमचा सहकारी नदीचा विसर्ग मोजताना वाहून गेला. त्याच्या नावाच्या निधीतून आम्ही फील्डवर काम करणाऱ्यांना जीव वाचवण्याचं शिक्षण देतो आणि त्यासाठी लागणारं सामान देतो, दुसरं काही करत नाही. असा निधी उभारायची इच्छा असलेले लोक मला विचारत असतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला कागद

पैशांचा विचार करण्याआधी एक कागद घ्या आणि एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: त्या दिवशी तिथे काय असतं, तर आपला माणूस घरी परत आला असता? 'नशीब' हे उत्तर चालणार नाही. पूर आला, साप चावला, गाडी उलटली, एवढंही पुरत नाही. त्याच्या मागे जा.

आमच्या कागदावर चार ओळी आहेत. पाणी चढतंय का ते वरच्या अंगाला उभं राहून बघणारं कुणी नव्हतं. जीवरक्षक जाकिटं गाडीत होती, अंगावर नव्हती. काठावरच्या मदतनिसाच्या हाताशी दोर होता, पण वाहत्या माणसाकडे तो कसा फेकायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि फोनला रेंज नसताना मदत कुणाकडे, कशी मागायची हे कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं. निधीचे आमचे चारही खर्च या चार ओळींतून निघाले. कुणी पाचवी कल्पना घेऊन आलं, कितीही चांगली असली, तर आम्ही हा कागद काढतो आणि ती यात कुठे बसते ते विचारतो.

जगात जे स्मृतिनिधी खरोखर उपयोगी ठरले त्यांच्या मुळाशी असाच कागद असतो, असं माझं मत आहे. छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन २० एप्रिल २०११ रोजी लिबियातल्या मिसराता शहरात हल्ल्यात जखमी झाले. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फाटली आणि रक्तस्रावानं त्यांचा जीव गेला. असा रक्तस्राव कधी कधी सोबतच्या माणसाला थोपवता येतो, पण ते आधी शिकलेलं असावं लागतं, हे त्यांचे मित्र सबॅस्टियन युंगर यांच्या मनाला फार लागलं. त्यांनी 'रिस्क' नावाची संस्था काढली आणि संघर्षाच्या ठिकाणी जाणाऱ्या स्वतंत्र पत्रकारांना विनामूल्य प्रथमोपचार शिकवायला सुरुवात केली. मृत्यूचं कारण आणि मदतीचं स्वरूप यांत इथे जराही अंतर नाही. कॅमेरामन रोरी पेक ऑक्टोबर १९९३ मध्ये मॉस्कोत गोळीबारात मारले गेले. १९९५ मध्ये त्यांच्या नावानं उभा राहिलेला न्यास स्वतंत्र पत्रकारांना धोक्याच्या जागी काम करण्याचं प्रशिक्षण घेता यावं म्हणून पैसे देत आला आहे.

या कागदाला घरच्यांची संमती हवी, आणि ती घाईनं मागू नये. आम्ही काही महिने थांबलो. मग मी त्याच्या आईकडे गेले आणि कागद वाचून दाखवला. जाकिटांच्या ओळीवर काकूंनी मला थांबवलं, पुन्हा वाचायला सांगितलं. नंतर म्हणाल्या, "हे असंच्या असं छाप. कसा गेला ते झाकून नुसतं नाव लावणार असाल तर नको." प्रत्येक घरचे असं म्हणतीलच असं नाही. कारण जाहीर नको असेल तर तो त्यांचा हक्क आहे. तेव्हा कागद समितीपुरता ठेवा, पण फाडू नका.

आणखी एक गोष्ट इथेच उरकून टाका. घरच्यांना करायची मदत आणि स्मृतिनिधी यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. घरात कमावणारं माणूस गेलं असेल तर आधी ती मदत, मुलांची शिक्षणं, अडलेली नुकसानभरपाई. निधीला वर्षभर उशीर झाला तरी काही बिघडत नाही. एकाच खात्यात सगळं जमा केलंत तर पुढे प्रत्येक खर्चाच्या वेळी घरच्यांना अवघडल्यासारखं होतं आणि देणगीदारांनाही.

कुणाला द्यायचं

इथे एक नैतिक पेच आहे आणि तो टाळून पुढे जाऊ नये. कामगाराची सुरक्षा ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या करारातलं २१ वं कलम स्पष्ट सांगतं की सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये. जून २०२२ पासून हा करार संघटनेच्या मूलभूत करारांमध्ये धरला जातो. मग मोठ्या संस्थेच्या पगारी माणसाला आपण लोकांच्या देणग्यांतून हेल्मेट का द्यायचं? देऊ नये. तसं केलं तर त्या संस्थेचा खर्च आपण वाचवतो आणि तिचं कर्तव्य तिला विसरायला मदत करतो. असा अर्ज आला की आम्ही अर्जदाराला हे कलम दाखवतो आणि त्याच्या वरिष्ठांना लिहायच्या पत्राचा मसुदा करून देतो.

निधी आहे तो मधल्या फटीत पडणाऱ्यांसाठी. संशोधक विद्यार्थी, ज्याला संस्था 'कर्मचारी' मानत नाही. प्रकल्पापुरते घेतलेले सर्वेक्षक. स्वतंत्रपणे काम करणारे पत्रकार, छायाचित्रकार. आणि सर्वांत आधी रोजंदारीवरचे मदतनीस: वाट दाखवणारे, ओझं वाहणारे, नाव चालवणारे, गाडी चालवणारे. पाण्यात पहिला पाय तेच टाकतात. साप पकडायच्या वेळी पिशवीचं तोंड तेच धरतात. प्रशिक्षणाच्या यादीत मात्र त्यांचं नाव शेवटी येतं, आलं तर. आम्ही निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत, आणि त्या भरल्या नाहीत तर विद्यार्थ्यांकडे वळवत नाही, पुढच्या तुकडीसाठी ठेवतो.

या माणसांपर्यंत पोहोचायचं तर तीन गोष्टी कराव्या लागतात. प्रशिक्षणाच्या दिवसांची बुडणारी मजुरी द्यायची, आणि ती आगाऊ द्यायची. नुसती फी माफ केली एवढ्यानं रोजंदारीचा माणूस येत नाही. घरी त्या दिवशीचे पैसे गेले पाहिजेत. दुसरं, अर्ज तोंडी चालला पाहिजे. फोनवर ध्वनिमुद्रित केलेली पाच मिनिटं आम्हाला पुरतात. तिसरं, प्रशिक्षण त्यांच्या भाषेत व्हायला हवं. दुभाषी ठेवण्यापेक्षा त्या भाषेत शिकवणारा प्रशिक्षक शोधा, आणि असा कुणी नसेल तर निधीचा पहिला खर्च त्याला तयार करण्यावर करा.

पैसा

दोनच रचना खऱ्या अर्थानं चालतात. एक, मूळ रक्कम गुंतवून तिच्या उत्पन्नातून खर्च करायचा. अशा कायम निधीतून दरवर्षी साधारण ४ टक्के काढले तर मूळ रकमेची झीज होत नाही, असा सर्वसाधारण हिशेब धरतात. म्हणजे वर्षाला जेवढा खर्च करायचा त्याच्या पंचवीसपट रक्कम हाताशी हवी. ती बहुतेकांकडे नसते. दुसरी रचना म्हणजे आहे ती रक्कम ठरावीक वर्षांत, समजा दहा वर्षांत, पूर्ण खर्चून टाकायची आणि निधी बंद करायचा. मी दुसरीच्या बाजूनं आहे. जीव आज धोक्यात आहेत. छोट्या रकमेच्या व्याजावर वर्षाला एका माणसाला शिकवण्यापेक्षा दहा वर्षांत प्रत्येक तुकडीला पंधरा-वीस जण शिकवले तर त्या भागातल्या कामाची सवयच बदलते, आणि सवय बदलली की ती पुढे आपोआप शिकवली जाते.

स्वतःचा न्यास नोंदवण्याची घाई करू नका. नोंदणी, लेखापरीक्षण, करसवलतीची कागदपत्रं यांत पहिली दोन वर्षं निघून जातात. एखाद्या विश्वासू विद्यापीठाच्या, व्यावसायिक संघटनेच्या किंवा जुन्या न्यासाच्या छत्राखाली 'विशिष्ट हेतूसाठी राखीव' खातं उघडता येतं. तिथे मात्र लेखी करार करा आणि त्यात चार कलमं असू द्या: रक्कम दुसऱ्या कामाला वळवता येणार नाही, प्रशासनाचा खर्च किती टक्क्यांवर जाणार नाही, निवड आमची समिती करेल, आणि छत्र देणारी संस्था स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या सक्तीच्या प्रशिक्षणासाठी हा पैसा वापरणार नाही. शेवटचं कलम सगळ्यात जास्त कामाला येतं.

देणगी मागताना दुःख पुढे करू नका. काय विकत घेणार ते सांगा. 'एका नावाड्याचं चार दिवसांचं प्रशिक्षण, त्याची मजुरी, एक जाकीट, एक दोर' असं लिहिलं की लोक न विचारता देतात. दरवर्षीचं आवाहन आम्ही २८ एप्रिलला करतो. कामावर मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणाचा आणि कामाच्या जागच्या सुरक्षेचा तो जागतिक दिवस आहे.

काय शिकवायचं

आपल्याला भीती कशाची वाटते आणि माणसं मरतात कशानं, यांत फार अंतर असतं. अमेरिकेतल्या वन्यजीव क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांच्या १९३७ ते २००० या काळातल्या ९१ मृत्यूंचा एक अभ्यास आहे. त्यात जवळजवळ दोनतृतीयांश मृत्यू विमान आणि हेलिकॉप्टरच्या अपघातांत झालेले दिसतात. बुडणं आणि रस्त्यावरचे अपघातही ठळक आहेत. हिंस्र प्राण्यांचा वाटा नगण्य. म्हणून अभ्यासक्रम ठरवण्याआधी तुमच्या कामातले गेल्या काही वर्षांतले अपघात आणि थोडक्यात टळलेले अपघात गोळा करा. बहुतेक यादीत गाडी पहिली येईल: रात्रीचा प्रवास, दमलेला चालक, मागच्या सीटवर न लावलेला पट्टा. चालकांचं प्रशिक्षण कुणाला आकर्षक वाटत नाही, छायाचित्रात ते दिसत नाही. तरी पैसा तिथे घाला.

प्रथमोपचाराच्या बाबतीत शहरी कोर्सवर समाधान मानू नका. रुग्णवाहिका दहा मिनिटांत येईल असं गृहीत धरून तो शिकवला जातो. दुर्गम भागासाठीचे अभ्यासक्रम वेगळे असतात. दोन दिवसांचा, सुमारे १६ तासांचा प्राथमिक, आणि आठ-दहा दिवसांचा, ७० ते ८० तासांचा सविस्तर. प्रत्येक गटात एक माणूस सविस्तर शिकलेला आणि बाकी सगळे प्राथमिक शिकलेले, असं आमचं धोरण आहे. प्रमाणपत्र दोन-तीन वर्षं चालतं, पण हात त्याआधीच विसरतात. हृदय बंद पडलेल्याची छाती दाबण्याचं कौशल्य काही महिन्यांतच ढिलं पडतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. दाब किमान पाच सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२०, ही लय कागदावर लक्षात राहते, मनगटात राहत नाही. म्हणून आमच्या शिष्यवृत्तीत मूळ कोर्सइतकाच पैसा दर सहा महिन्यांच्या अर्ध्या दिवसाच्या उजळणीला ठेवलेला असतो. शक्य असेल तर तुम्हीही तसंच करा. नवीन लोकांना शिकवल्याचा आकडा अहवालात मोठा दिसतो, हे खरं. पण विसरलेल्या माणसाचा आकडा कुणी मोजत नाही.

प्रशिक्षक निवडताना एकदा स्वतः जाऊन बसा. रक्त थांबवण्याच्या पट्ट्याचा सराव बघा. चांगला प्रशिक्षक तो पट्टा खऱ्या माणसाच्या मांडीवर बांधायला लावतो. पट्टा आवळत गेलं की समोरचा "दुखतंय, दुखतंय" म्हणतो आणि शिकणाऱ्याचा हात थांबतो. मग प्रशिक्षक त्याची बोटं पकडून समोरच्याच्या घोट्याजवळ ठेवतो: नाडी अजून लागते आहे, म्हणजे रक्त अजून वाहतं आहे. आणखी आवळ. नाडी गायब झाली की लगेच पट्टा सोडायचा. खऱ्या जखमेवर मात्र तो सोडायचा नाही, बांधल्याची वेळ लिहायची आणि रुग्णालय गाठायचं. हे एकदा बोटांना कळलं की माणूस विसरत नाही. नुसत्या चित्रफितीवर शिकवणाऱ्याला आम्ही पैसे देत नाही.

पाण्याचं प्रशिक्षण आमच्या निधीचा जीव आहे, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिते. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. जेमतेम १५ सेंटिमीटर खोल पण वेगवान पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या, नद्यांचं पाणी मोजणाऱ्या कर्मचाऱ्यांत एक साधा नियम चालत आला आहे: खोली फुटांत, वेग सेकंदाला फुटांत, दोघांचा गुणाकार दहाच्या वर जात असेल तर पाण्यात उतरायचं नाही. मीटरमध्ये तो आकडा साधारण ०.९ येतो. म्हणजे कमरेइतकं, एक मीटर पाणी सेकंदाला एक मीटरनं वाहत असेल तर पुलावरून किंवा नावेतून मोजा. हा हिशेब आम्ही प्रत्येक शिकणाऱ्याकडून काठावर उभं राहून करून घेतो, आणि उत्तर आल्यावर 'उतरू का नको' हे मोठ्यानं म्हणायला लावतो. अंगकाठी लहान असेल तर मर्यादा आणखी खाली.

पाय सुटला तर उभं राहायची धडपड करायची नाही. दगडात पाऊल अडकलं की पाणी अंगावरून जातं आणि माणूस उताणाही होऊ शकत नाही. पाठीवर, पाय पुढे, वाहत्या दिशेला, पाण्याच्या वर. काठावरच्यानं आधी काठी पुढे करायची, ती पोहोचत नसेल तर दोर फेकायचा, त्यानंतर होडी न्यायची. पाण्यात उडी ही सर्वांत शेवटची गोष्ट आणि तीही शिकलेल्यानंच.

दोर फेकणं सोपं वाटतं. पंधरा-वीस मीटर दोर पिशवीत सैल भरलेला असतो. मोकळं टोक एका हातात घट्ट, दुसऱ्या हातानं पिशवी फेकायची. बहुतेक जण पहिल्यांदा घाबरून टोकासकट सगळं फेकून देतात. दुसऱ्यांदा माणूस पुढे निघून गेल्यावर फेकतात. आधी हाक मारायची, त्याची नजर आपल्याकडे वळली की त्याच्या डोक्यावरून पलीकडे फेकायचं, म्हणजे दोर त्याच्या अंगावर आडवा पडतो. पहिला नेम चुकला तर पिशवी पुन्हा भरत बसायचं नाही. ओढून घ्यायची, तिच्यात पाणी भरलेलं असतं, त्या वजनानंच परत फेकायची. आणि दोर पकडला गेला की लगेच खाली बसायचं, नाहीतर ओढ फेकणाऱ्यालाही आत नेते. दोर स्वतःच्या मनगटाला किंवा कमरेला कधीच गुंडाळायचा नाही. हे सगळं अर्ध्या दिवसात शिकता येतं. त्या मदतनिसाला हे कुणी अर्धा दिवस काढून शिकवलं असतं तर, हा विचार मी प्रत्येक तुकडीच्या वेळी करते.

बाकी धोक्यांची यादी तुमच्या कामावर अवलंबून आहे. वीज: चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर काम थांबवून गाडीत किंवा पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर नाही. ऊन: नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच, मग रोज २० टक्क्यांनी वाढ. उष्माघात झाला तर आधी थंड पाण्यानं शरीर गार करायचं आणि मग हलवायचं. सर्पदंश: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्यानं जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं मरतात. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अवयव स्थिर ठेवून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. ते कोणतं रुग्णालय हे निघण्यापूर्वी माहीत हवं. सरीसृपतज्ज्ञ जो स्लोविन्स्की यांना ११ सप्टेंबर २००१ रोजी उत्तर म्यानमारमध्ये पिशवीत हात घालताना मण्यार चावली. श्वास बंद पडल्यावर सहकाऱ्यांनी तासन्‌तास तोंडानं श्वास देऊन त्यांना जिवंत ठेवलं, पण खराब हवेमुळे हेलिकॉप्टर पोहोचलं नाही आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्ञान तिथे भरपूर होतं, बाहेर पडायची वाट नव्हती. म्हणून आमच्या प्रत्येक प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस फक्त 'इथून बाहेर कसं पडणार' या एका प्रश्नाला दिलेला असतो.

एक धोका यादीत घालायला लोक कचरतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात ६६६ क्षेत्र-संशोधकांपैकी ६४ टक्क्यांनी फील्डवर लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि पाचांत एकाहून अधिक जणांनी लैंगिक हल्ला. स्त्रियांना त्रास देणारे बहुतेक वरिष्ठ होते. तेव्हा सुरक्षेच्या निधीनं हे आपलं काम नाही म्हणू नये. तक्रार कुणाकडे करायची, प्रकल्पप्रमुखाला वगळून परत कसं यायचं, परतीच्या तिकिटाचे पैसे कुणाकडे, हे शिकवा. आम्ही त्यासाठी एक छोटी रक्कम वेगळी ठेवली आहे. फोन आला की कारण न विचारता तिकीट काढून देतो.

अर्ज आणि निवड

अर्जात गुणपत्रिका मागू नका, शिफारसपत्रही नको. आम्ही तीन प्रश्न विचारतो: तुमच्या कामात माणूस मरू शकेल अशी जागा कोणती? आज तिथे तुम्ही काय करता? शिकून आलात की परत जाऊन कुणाला शिकवाल?

उत्तरांतून माणूस कळतो. एका अर्जात नावेतून नदी ओलांडण्याबद्दल लिहिलं होतं, 'सर्व सुरक्षासाधनांचा योग्य वापर करण्यात येतो.' दुसऱ्या एका नावाड्यानं फोनवर सांगितलं, "जाकिटं दोन आहेत, माणसं चार. म्हणून एकावेळी एकालाच नेतो, एक जाकीट त्याला, एक मला. फेऱ्या वाढतात, साहेब लोक वैतागतात." त्याला आम्ही लगेच घेतलं, आणि दोन जाकिटं प्रशिक्षणाआधीच पाठवून दिली.

समिती लहान ठेवा. आमच्याकडे एक प्रशिक्षक, एक डॉक्टर, हिशेब बघणारी एक व्यक्ती आणि फील्डवर मजुरीचं काम करणारा एक जण आहे. शेवटच्याला बैठकीचे पैसे देतो, बाकी बिनपगारी. घरच्यांना निवडीत बसवू नका. नकार देण्याचं ओझं त्यांच्यावर टाकू नये. आणि वेळापत्रक कामाच्या हंगामाकडून मागे मोजत आणा. प्रशिक्षण हंगाम सुरू होण्याच्या निदान महिनाभर आधी संपलं पाहिजे, म्हणजे अर्जाची मुदत त्याच्याही तीन महिने अलीकडे.

सामान

सामानानं शिक्षणाची जागा घेता येत नाही, म्हणून कोर्स पूर्ण केल्याशिवाय आम्ही शक्यतो काही देत नाही (त्या नावाड्याच्या बाबतीत थांबणं बरोबर नव्हतं). पण नुसतं शिकवून रिकाम्या हातानं पाठवणंही चूक. १४ जानेवारी १९९३ रोजी कोलंबियातल्या गालेरास ज्वालामुखीवर शास्त्रज्ञांचा गट असताना स्फोट झाला. सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक गेले. कित्येकांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी ज्वालामुखीशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं सुरक्षेच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या.

रेंज नसलेल्या भागात जाणाऱ्यांना संकटसंदेश पाठवणारं यंत्र द्या. ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारी वैयक्तिक बीकन आंतरराष्ट्रीय कोस्पास-सारसॅट उपग्रह यंत्रणेला संदेश पाठवते आणि तिला मासिक वर्गणी लागत नाही. पण ती नोंदवलेली असली पाहिजे, आणि यंत्र दुसऱ्याच्या हाती गेलं की नोंदणीतला संपर्क बदलला पाहिजे. बॅटरीची मुदत यंत्रावर छापलेली असते, साधारण पाच-सहा वर्षं. उपग्रह फोनला अनेक देशांत परवानगी लागते, विनापरवाना सापडला तर अटक होऊ शकते, म्हणून तो भेट देण्याआधी नियम तपासा. यंत्रं मालकीनं देण्यापेक्षा उसनी द्या. हंगाम संपला की परत, तपासणी, बॅटरी, पुढच्याला.

यंत्रासोबत एक पानाची संपर्कयोजना सक्तीची. कोण, कुठे, कोणत्या वाटेनं. रोज किती वाजता कुणाला कळवणार. कळवलं नाही तर तो माणूस किती वेळ थांबणार. त्यानंतर कुणाला फोन करणार, नंबरासकट. 'किती वेळ थांबणार' या रकान्यात 'परिस्थितीनुसार' असं लिहिलेलं पान आम्ही परत पाठवतो. तिथे घड्याळातली वेळ हवी. रात्री अंधार पडल्यावर निर्णय घ्यायला बसलेल्या माणसाला 'परिस्थिती' कळत नसते.

नंतर

दरवर्षी हिशेब छापा: पैसे किती आले, किती खर्च झाले, कुणाच्या मजुरीवर किती, प्रशासनावर किती. सोबत शिकून गेलेल्यांकडून थोडक्यात टळलेल्या प्रसंगांच्या टिपणी मागवा. नाव नको, संस्था नको, फक्त काय झालं आणि काय कामाला आलं. हंगाम संपल्यावर फोन करून विचारलं तर लोक सांगतात, लेखी मागितलं तर फारसं कुणी पाठवत नाही. कुणाच्या टिपणीवरून त्याच्या वरिष्ठाला जाब विचारला गेला तर पुढच्या वर्षी एकही टिपण येणार नाही, म्हणून मूळ टिपणं समितीबाहेर जाऊ देऊ नका.

ही टिपणं वाचूनच पुढच्या वर्षीच्या जागा ठरवायच्या. यंदा आमच्याकडे आलेल्यांत पाण्याचे प्रसंग कमी आहेत, परतीच्या प्रवासातले जास्त: काम लांबलं, अंधार पडला, चालक पहाटेपासून जागा, आणि मुक्काम करू या म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही. पुढच्या तुकडीत पहिल्या जागा चालकांना दिल्या आहेत, आणि गाडीतल्या बाकीच्यांसाठी 'आज इथेच थांबू या' हे वरिष्ठाला कसं सांगायचं याचा एक दिवसाचा सराव ठेवला आहे.